पाडा कुणाच्या खात्यावर?



गेल्या महिन्यात आमच्या गोठ्यातला पाडा आम्ही खच्ची करून घेतला. डॉक्टर आले, भुलीचं इंजेक्शन दिलं, चिमटा लावला, तासाभरात सगळं आटोपलं. पाड्याचं डोकं मांडीवर घेऊन मी बसले होते. हे मी आमच्या मंडळातल्या एकीला फोनवर सहज बोलून गेले आणि दोन दिवसांत जयसिंगपूरपासून पुण्यापर्यंत सगळ्यांना कळलं. एकामागून एक फोन. कुणी म्हणालं, "अक्का, तुम्ही रोज सामायिकाला बसता आणि हे?" कुणी म्हणालं, "अहो, कुणाला तरी देऊन टाकायचा होता. आपल्या हातून कशाला ते पाप?" धाकट्या जाऊबाईंनी तर प्रायश्चित्त घ्या म्हणून सांगितलं.

प्रायश्चित्त मी घेणार आहे. पण कशाचं घ्यायचं, यावर माझं आणि जाऊबाईंचं जमत नाही. म्हणून हा लेख. रागात लिहिते आहे, हे आधीच सांगते. राग जाऊबाईंवर नाही, फोन करणाऱ्या कुणावरच नाही. "देऊन टाका" या दोन शब्दांवर आहे. कारण सहा वर्षांपूर्वी हेच दोन शब्द मी स्वतः उच्चारले होते.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं, शेतकरी घर. यांची बँकेतली नोकरी, शेवटची बदली रत्नागिरीला. निवृत्तीनंतर गणपतीपुळ्याला, देवळापासून आत डोंगराच्या अंगाला, दीड एकर जागा घेतली. हापूसची काही कलमं, खाली भाताचे दोन कुणगे, भोवती जांभ्याचा गडगा. गोठ्यात गौरी नावाची गाय, तिची पाडी आणि हा पाडा. गाय इथलीच, कोकण कपिला म्हणतात त्या जातीची. अंगाने लहान, चढ-उताराला तरबेज, दूध बेताचं. आपल्याकडे देशावर ज्याला गोऱ्हा किंवा खोंड म्हणतो, त्याला इथे पाडा म्हणतात.

गौरीचं पहिलं वासरू नर होतं. आम्ही त्याला चंदू म्हणायचो. वर्षाचा झाला आणि गाईवर उडायला लागला, दावं तोडायला लागला. नातवाला एकदा गडग्याला दाबून धरलं त्याने. हे म्हणाले, डॉक्टरांना बोलावून खच्ची करून घेऊ. मी ठाम नकार दिला. आपल्या घरात छेद नको, म्हणाले. खाडीपलीकडच्या एका शेतकऱ्याला जोतासाठी बैल हवा होता. एक पैसा न घेता चंदूला देऊन टाकला. जाताना हळदकुंकू लावलं, गूळ भरवला. रात्री शांत झोप लागली मला.

तीन महिन्यांनी आमच्याकडे कामाला येणाऱ्या वहिनींकडून कळलं. त्या शेतकऱ्याने गावातल्या एका जाणत्या माणसाकडून चंदूला ठेचून घेतलं होतं. चौघांनी दोरांनी पाडला, पाय आवळले, दोन दांडक्यांमध्ये धरून वर दगड. भूल नाही, औषध नाही. पावसाचे दिवस होते. जखम चिघळली, किडे पडले. आठवडाभर तो उठला नाही आणि मग मेला.

त्या शेतकऱ्याला मी बोल लावत नाही. त्याच्या वडिलांनी तसंच केलं होतं, आजोबांनीही तसंच. आणि त्याच्यापेक्षा मी जास्त शिकलेली. एक फोन करून मी डॉक्टरांना आणू शकत होते. मी काय केलं, तर माझ्या गोठ्यात भूल देऊन झालं असतं ते त्याच्या अंगणात दगडाने व्हायला पाठवलं. आणि त्याच वर्षी दशलक्षणात मी पूर्ण समाधानाने पूजेला उभी राहिले.

आता दशलक्षणाचंच घ्या. आपण दहा दिवस रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय वाचतो. सातव्या दिवशी, म्हणजे उत्तम तपाच्या दिवशी, सातवा अध्याय येतो. त्यात उमास्वामींनी अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. लहानपणापासून मी ते म्हणत आले, पण ते गोठ्यात उभं राहून कधी म्हणून पाहिले नव्हते. तुम्ही म्हणून पाहा.

पहिला बंध. दावं आणि वेसण. दुसरा वध. पूज्यपाद आचार्य सर्वार्थसिद्धीत स्पष्ट करतात की इथे वध म्हणजे जीव घेणं नव्हे, काठी-चाबकाने मारणं. म्हणजे आपली पराणी. तिसरा छेद. नाक-कान अशा अवयवांना छेदणं. वेसणीसाठी नाक टोचतात ते हेच आणि खच्चीकरणही यातच. चौथा अतिभारारोपण. बैलगाडीत झेपेल त्याच्या दीडपट भरणं. पाचवा अन्नपाननिरोध. मळणीला तोंडाला मुसकी बांधणं. आणि बायांनो, हाही घ्या यात: वासराला हाताच्या अंतरावर बांधून ठेवून त्याच्या आईचं दूध काढणं.

पाचही अतिचार म्हणजे एका बैलाचा जन्मापासूनचा दिनक्रम आहे. आचार्य कुणा दूरच्या राक्षसांबद्दल बोलत नव्हते. श्रावकाच्या घरात गोठा असतो हे त्यांना ठाऊक होतं.

जाऊबाई म्हणतील, मग तर तुमचंच चुकलं. छेद हा अतिचार आहे, तुम्हीच लिहिताय. बरोबर आहे. मी याहून पुढे जाते. पंडित आशाधरांच्या सागारधर्मामृतात आणि श्वेतांबर परंपरेत हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात श्रावकाने करू नयेत अशा पंधरा धंद्यांची यादी आहे. त्यात निर्लांछन कर्म आहे: नाक टोचणं, डाग देणं, खच्ची करणं. शास्त्र जाऊबाईंच्या बाजूने आहे. पण यादी पूर्ण वाचायची असते. त्याच पंधरांत केशवाणिज्य आहे, म्हणजे दास-दासी आणि जनावरं यांची खरेदी-विक्री. खच्ची करणं पाप म्हणून ज्या घरांनी गोऱ्हे बाजारात विकले, त्यांनी एका ओळीतून सुटका करून घेतली आणि दुसऱ्या ओळीत पाय अडकवला.

विकला नाही, फुकट दिला, तरी सुटका आहे का? सातव्याच्या आदल्या दिवशी आपण सहावा अध्याय वाचतो. त्यात कृत, कारित आणि अनुमत हे तीन शब्द आहेत. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं आणि दुसऱ्याने केलेल्याला मनातून संमती दिलेलं. समंतभद्र आचार्यांनी रत्नकरंडक श्रावकाचारात अहिंसाणुव्रत सांगताना हे तिन्ही धरले आहेत. चंदूला जोतासाठी मागणारा माणूस त्याला खच्ची करणार, हे मला माहीत नव्हतं का? शेतकऱ्याची मुलगी मी. न ठेचता कुणी बैल जोताला धरतो का? मला माहीत होतं. मला फक्त बघायचं नव्हतं.

हे न बघणं आपण बायकांना फार लहानपणी शिकवलं जातं. शिरोळकडे आपले बहुतेक लोक शेतकरीच. बेंदराला बैलांची शिंगं रंगवायची, झूल घालायची, पुरणपोळी भरवायची, आई ओवाळायची. आणि वर्षातून एखाद्या दिवशी वडील सांगायचे, आज परड्यात कुणी यायचं नाही. आई आम्हा मुलींना आत घ्यायची, दार लावायची. मग मागून एक आवाज यायचा. गुरांच्या नेहमीच्या हंबरण्यासारखा तो नसायचा. आई त्या वेळी भांडी जरा जोरात घासायची. संध्याकाळी वडील आंघोळ करून देवळात जायचे. कुणी काही बोलायचं नाही. पुढल्या बेंदराला त्याच बैलाला आम्ही ओवाळायचो.

माझ्या आईला मी दोष देत नाही. तिला विचारलं कुणी होतं? पण आपण आता विचारणाऱ्या बायका आहोत. बिस्किटाच्या पुड्यावर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते चष्मा लावून वाचतो. बटाटा आहे का, मध आहे का, जिलेटिन आहे का हे हॉटेलात तीनदा विचारतो. मग दुधाबद्दल एकच प्रश्न का विचारत नाही? या गाईला नर झाला होता का, आणि तो आता कुठे आहे?

मी बी.कॉम. आहे, हिशेबाची सवय जात नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेचे आकडे घ्या. देशात गाई-बैल मिळून सुमारे १९ कोटी २५ लाख. त्यांत माद्या १४ कोटी ५१ लाख. म्हणजे नर पावणेपाच कोटींच्या आसपास. निसर्ग नर आणि मादी जवळपास निम्मे-निम्मे जन्माला घालतो. मग एका बाजूला साडेचौदा आणि दुसऱ्या बाजूला पावणेपाच, हा ताळेबंद जुळतो कसा? आधीच्या, २०१२ च्या गणनेपेक्षा माद्या १८ टक्क्यांनी वाढल्या आणि नर ३० टक्क्यांच्या आसपास घटले. कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं, ताळेबंद जुळत नसेल तर एखादी नोंद कुणीतरी दडवली आहे. इथे दडवलेली नोंद म्हणजे पाडा.

त्याचं कारणही काही गूढ नाही. गाय दूध देते ते वासरू झाल्यावर. दूध हवं तर ती पुन्हा पुन्हा व्यायला हवी. दर दोन वासरांत एक नर. पूर्वी त्याला काम होतं. आता इथल्या कुणग्यांतसुद्धा पॉवर टिलर फिरतो. १९७६ च्या कायद्याने आपल्या राज्यात गोहत्येला बंदी होतीच, मार्च २०१५ पासून बैल आणि वळूही त्या बंदीत आले. तेव्हा आपण पेढे वाटले होते, मीही वाटले. कायदा मला आजही हवा आहे. पण कायद्याने जनावर कापायला बंदी केली, त्याला जन्मभर खायला कोण घालणार ते कायद्यात लिहिलेलं नाही. ते आपण लिहायला हवं होतं. आपण पेढे वाटून घरी आलो. आणि नको झालेला पाडा रात्री गुपचूप रस्त्यावर सोडला जायला लागला. पावसाळ्यात घाटरस्त्यावर अंधारात डांबरावर बसलेली गुरं बघा. त्यांत नर किती, ते मोजा.

आता तुमच्या फोनवरच्या मुद्द्यांना एकेक उत्तर देते.

"खच्ची करायचाच कशाला? तसाच ठेवायचा." ठेवून बघितलंय. पूर्ण वाढलेला वळू आई-बहिणीत मोकळा ठेवता येत नाही. आई-बहिणीवरच उडतो, रोगट वासरं होतात आणि नको असलेली आणखी जन्माला येतात. दुसरा नर दिसला की झुंज. घरात म्हातारी माणसं आणि पोरं. मग त्याला आखूड दाव्याला बांधतात, नाकात जाड वेसण घालतात, पंधरा वर्षं. छेद टाळला म्हणून समाधान, आणि बंध जन्मभराचा. ही अहिंसा झाली का?

"पांजरपोळाला द्या." पांजरपोळ ही आपली मोठी पुण्याई आहे. मुंबईचा पांजरपोळ १८३४ पासून चालू आहे, तो उभा करण्यात मोतीशा शेठ होते. पण पांजरपोळ म्हणजे काही सिद्धशिला नव्हे. तिथेही चारा लागतो, जागा लागते, आणि नर-मादी एका कुंपणात ठेवायचे तर तिथेही हेच करावं लागतं. फरक इतकाच की पावती आपल्या नावाची फाटते आणि चिमटा दुसऱ्याच्या हातात असतो. देणगी जरूर द्या. पण दिली म्हणजे हात धुतले असं समजू नका.

"आम्ही तर पिशवीचं दूध घेतो." मग तुमचा पाडा तुम्हाला कधी दिसलासुद्धा नाही. मी निदान चंदूचं नाव सांगू शकते.

"शेतीतली हिंसा उद्योगी हिंसा आहे, ती गृहस्थाला क्षम्य आहे." हा मुद्दा मी फार ऐकते, विशेषतः पुरुषांकडून. उद्योगी हिंसा म्हणजे यत्न करूनही जी टळत नाही ती. नांगराखाली गांडूळ येतो, ती टळत नाही. दगडाने ठेचणं टळतं. दवाखाना तालुक्याला आहे, डॉक्टर घरी येतात. जी हिंसा एका फोनने टळते तिला उद्योगी म्हणायचं नाही, तिला आळस म्हणायचं.

"मग दूधच सोडा." पुण्याची माझी भाची हेच म्हणते. तिने तीन वर्षांपूर्वी दूध, तूप, दही सगळं सोडलं. तिच्यापुढे माझ्याकडे उत्तर नाही आणि मी उसनं उत्तर आणणार नाही. ती माझ्यापेक्षा सरळ चालते आहे. माझा चहा सुटला नाही, अभिषेकाचं दूध सुटलं नाही. पण ज्या आपण सोडलेलं नाही त्यांनी निदान खातं तरी पूर्ण लिहावं. जमा बाजूला दूध, तूप, लोणी, पंचामृत. आणि नावे बाजूला पाडा. तो दुसऱ्याच्या वहीत ढकलायचा नाही.

तर या वेळी आम्ही काय केलं ते सांगते. कारण दोन-तीन जणींनी हळूच तेही विचारलं. त्यांच्या घरी शेती आहे.

पाडा मोठा होऊ दिला नाही. जुन्या पद्धतीत खोंड दोन-तीन वर्षांचा होईपर्यंत थांबतात, वशिंड भरावं, मान जाड व्हावी म्हणून. डॉक्टर म्हणाले, जितका लहान तितका त्रास कमी. पावसाळा टाळला, थंडीत केलं, माश्या कमी असतात. आदल्या संध्याकाळपासून चारा बंद ठेवला, कारण भरल्या पोटी जनावर आडवं पाडलं तर पोट फुगतं. हाही अन्नपाननिरोधच, मी त्याची नोंद केली आहे. खाली पेंढ्याचा जाड थर घातला. दोर गळ्यात, मग खांद्यामागे एक वेढा, मागल्या पायांपुढे एक वेढा, आणि मागून सावकाश ओढायचं. जनावर आपणहून बसतं. चौघांनी अंगावर पडून दाबायची गरज लागत नाही. ओरडायचं नाही, शेपूट पिरगळायचं नाही, हे मी आधीच बजावलं होतं.

मग भुलीचं इंजेक्शन. त्यानंतर दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. ही दहा मिनिटं म्हणजे सगळा धर्म आहे, मैत्रिणींनो. घाई असलेला माणूस इथेच थांबत नाही. मग बर्डिझोचा चिमटा. इटलीतल्या बर्डिझो नावाच्या माणसाचा तो शोध. कातडी न कापता आतली शीर चेपली जाते. एका बाजूची वेगळी, दुसऱ्या बाजूची वेगळी, दोन्ही एका रेषेत नाही, म्हणजे कातडीचा रक्तपुरवठा चालू राहतो. रक्त नाही, उघडी जखम नाही, किडे पडायला जागा नाही. वर दुखणं कमी करायचं मेलॉक्सिकॅम आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. पूर्वी डायक्लोफेनॅक द्यायचे, ते २००६ पासून जनावरांसाठी बंद आहे, कारण मेलेल्या गुरांतून ते गिधाडांच्या पोटात जाऊन गिधाडं संपली. एका गोठ्यातलं औषध किती दूर पोचतं ते बघा.

चार-पाच दिवस सूज होती. दुसऱ्या दिवशी चारा खाल्ला. मला बघून मागे सरला मात्र. आठ दिवस माझ्या हातून गूळ घेतला नाही त्याने. ते मला लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

वेसण घातली नाही. म्होरकी घातली आहे, डोक्यावरून, नाक न टोचता. शेजारचे काका हसले. पण काम चालतं.

कायदाही आता हेच सांगतो. १९६० च्या प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायद्यात खच्चीकरण, डाग देणं, वेसण टोचणं याला सूट आहे, पण 'विहित पद्धतीने' केलं तरच. ती विहित पद्धत कोणती, याचे नियम केंद्र सरकारने काढले २०२३ मध्ये. नोंदणीकृत पशुवैद्यकानेच करायचं, भूल देऊन करायचं, वेसणीऐवजी म्होरकीसारखे उपाय वापरायचे. मधली साठ वर्षं दगडच विहित होता म्हणायचा. आणि त्या कायद्यात क्रूरतेचा दंड किती? पहिल्या वेळी १० ते ५० रुपये. आमच्या गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर त्यात शहाळंसुद्धा येणार नाही. म्हणजे सरकारच्या दंडाच्या भीतीने हे थांबणार नाही. थांबलं तर घरातली बाई विचारते म्हणून थांबेल.

आणि आपण विचारू शकतो, हे आपण दाखवलं आहे. २०२५ च्या जुलैत नांदणी मठाची माधुरी हत्तीण कोर्टाच्या आदेशाने गुजरातला वनताराला नेली, तेव्हा आपला सगळा भाग रडला. नांदणी ते कोल्हापूर पदयात्रा निघाली. जन्मात घराबाहेर घोषणा न दिलेल्या बायका त्यात चालल्या. माझी सख्खी बहीण चालली, गुडघे दुखत असताना. ते प्रेम खोटं होतं असं मी म्हणणार नाही. कोर्टात काय बरोबर, काय चूक, त्यातही मी पडत नाही. मला एवढंच विचारायचं आहे की ज्या वाटेने ती पदयात्रा गेली, त्या वाटेवरच्या गोठ्यागोठ्यांत किती गोऱ्हे बांधलेले होते? त्यांच्यासाठी कधी कुणी दहा पावलं चाललं? हत्तीण एक होती आणि तिला नाव होतं. गोऱ्हे पुष्कळ आहेत आणि त्यांना आपण मुद्दाम नाव ठेवत नाही, कारण नाव ठेवलं की देऊन टाकता येत नाही.

मला तुमच्याकडून चार गोष्टी हव्या आहेत.

ज्यांच्या घरी, माहेरी, दिरांकडे जनावरं आहेत त्यांनी सांगायचं की आमच्या गोठ्यात दगड चालणार नाही. डॉक्टर, भूल, लहान वय, थंडीचे दिवस. फी आम्ही देऊ. वेसण नको, म्होरकी घ्या. पुरुष हसतील. हसू द्या.

दुसरं, जन्मच कमी करा. कृत्रिम रेतनात आता लिंगनिर्धारित रेत मिळतं, दहापैकी नऊ वेळा मादीच होते. सगळ्या जातींचं मिळत नाही, पण पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारायला काय जातं? यावरही कुणी म्हणेल की हेही निसर्गात ढवळाढवळ करणं आहे. आहे. पण जन्माला घालून रस्त्यावर सोडण्यापेक्षा जन्मालाच न घालणं मला कमी पापाचं वाटतं.

तिसरं, रतीब घालणाऱ्याला विचारा. नर वासरांचं काय करता दादा? रागाने नको, नुसतं विचारा. दर महिन्याला विचारा. ज्या गोष्टीची चौकशी होते ती माणूस वेगळ्या तऱ्हेने करतो.

चौथं, पैसे. लिटरमागे पाच रुपये डब्यात टाका. रोज दोन लिटर दूध घेणाऱ्या घरात वर्षाचे ३,६५० रुपये होतात. मंडळातल्या वीस जणींचे ७३,००० होतात. एवढ्यात काही पाड्यांचा वर्षाचा पेंढा येतो, कुणा गरीब शेतकऱ्याच्या घरी डॉक्टरांची फी भरता येते. माझ्या फडताळात असा डबा आहे. त्यावर मी चंदूचं नाव लिहिलंय. गणपतीपुळ्याला येणाऱ्या पाहुण्यांना चहा देताना मी तो दाखवते. काही टाकतात, काही विषय बदलतात.

आणि आमच्यापुरतं सांगायचं तर गौरीला आता पुन्हा गाभण करायची नाही असं आम्ही ठरवलं आहे. तिचं दूध आटेल तेव्हा आटेल. ती, पाडी आणि पाडा, तिघंही इथेच राहतील. हे म्हणाले, मग तुझ्या चहाचं काय? मी म्हटलं, तेव्हाचं तेव्हा बघू. भाचीला हे अजून सांगितलेलं नाही, ती फार खूश होईल.

जाऊबाई, तुम्ही सांगितलेलं प्रायश्चित्त मी येत्या अष्टमीला घेणार आहे. उपवास करीन. गेल्या महिन्याच्या चिमट्यासाठी एक दिवस. त्या दिवशी जे झालं ते मी डोळे उघडे ठेवून केलं आणि माझ्या खात्यावर घेतलं. चंदूसाठी किती दिवस करायचे ते मला कळत नाही. महाराजांना विचारीन, तुम्हीही बरोबर चला.

कुणाचं मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा.

जय जिनेंद्र.